मागच्या जिन्याचं कुलूप

एक

आग आटोक्यात आली आणि मग बद्रीनारायणशेठच्या बांधकामाच्या मागच्या दाराआड एक बाई सापडली. दाराला बाहेरून कुलूप होतं.

त्या दाराला कुलूप नसायचंच. ही गोष्ट भावना देवकरइतकी पक्की दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती. अग्निशमनच्या बंबावरची ती अधिकारी. उन्हाळ्यात तिनेच नवीन जालन्यातल्या या साइटवर येऊन मजुरांची तालीम घेतली होती. भोंगा वाजला की हातातलं काम टाकायचं, पुढच्या जिन्यात धूर असला तर मागच्या जिन्याने उतरायचं, आणि समोरच्या लिंबाखाली जमायचं. मागच्या दाराला नुसती कडी ठेवीन, कुलूप घालणार नाही, असं तिने रखवालदार भुजंगकडून सगळ्यांदेखत वदवून घेतलं होतं.

दुपारी बंब फाटकातून शिरला तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या स्टोअरमधून काळा धूर लोटत होता. त्या दिवशी अमावास्या. अमावास्येला गवंडीकाम बंद. तळमजल्याच्या हॉलमध्ये यंत्रांची पूजा, नारळ, आरती, आणि मग ज्याने त्याने घरी जायचं, असा शेठच्या साइटचा रिवाज. आरती रंगात आलेली असताना वरून धूर आला आणि माणसं होती तशी पळाली. लिंबापुढच्या तापलेल्या खडीवर सगळी अनवाणी उभी होती, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत. शेठचा भाचा अंकित तेवढा बुटांनी खडी तुडवत पुढे धावला आणि त्याने बंबाला वाट करून दिली.

"मॅडम, आत कुणी नाही. सगळे खाली आलेत, बिलकुल सगळे!"

मजुरांचा ठेकेदार कल्याण लंगडत पुढे आला. त्याच्या टाचेतून रक्त येत होतं. "व्हय बाई. पूजेला होते तेवढे सगळे हितंच हायेत."

तेवढ्यात एका म्हातारीने भावनाची बाही घट्ट धरली. "माझी सून वर हाये वो माय! शालू वर हाये!"

अंकितच्या हातातली पाण्याची बाटली निसटून खडीवर पडली. कल्याण मात्र म्हातारीवरच खेकसला, "साळूबाई, समदं जग पूजेला आणि ती वर काय करून राह्यली होती?"

साळूबाईने पदर तोंडाला लावला.

मागच्या दाराचा कोयंडा पहारीने उचकटावा लागला. दाराआड, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर शालू पडली होती. धुराने काळवंडलेली, दार बडवून बडवून तळहात सोललेले, पण श्वास चालू होता. तिला झोळीत घालताना तिच्या कमरेच्या गाठीतून एक वस्तू टपकन खाली पडली.

पोलीस ठाण्याचे जमादार सोमेश्वर वाकले. त्यांनी ती उचलून भावनासमोर धरली.

"घ्या मॅडम. काडेपेटी. तुमचं काम झालं आणि माझंही झालं."

दोन

दुसऱ्या दिवशी सकाळी भावना दवाखान्यात गेली, ती जमादारांच्या आधी पोहोचावं म्हणून. पण जमादार खाटेपाशी खुर्ची टाकून बसलेच होते.

"सोपं आहे मॅडम. सगळे आरतीत. ही एकटी वर. कमरेला काडेपेटी. स्टोअरमधलं काहीतरी लांबवायला गेली, उजेडाला काडी ओढली, शेजारी थिनरचे डबे. भडका! उद्या दवाखान्यातून सुटली की इकडून थेट तिकडे."

"काडेपेटी कशाला जवळ ठेवतेस गं?" भावनाने शालूला विचारलं.

उत्तर साळूबाईने दिलं. "मिसरी भाजायला लागती ना बाई. माझी मिसरी तीच भाजून देती. आमच्या आळीत कुण्या बाईच्या कमरंला काडेपेटी न्हाई?"

"आणि पूजा सोडून वर कशाला गेली होती?"

म्हातारी खिडकीबाहेर बघायला लागली. शालूने डोळे मिटले. पंचविशीची पोर, नवरा परतूरला जिनिंगवर कामाला, लहान मुलगी गावाकडे. उद्या तिच्या नावाला चोरीचा डाग लागला तर परतूरचं दार तिला उघडेल की नाही, कोण जाणे. हे तिला कळत नसेल असं नव्हतं. तरी ओठ मिटलेलेच.

भावनाने पिशवीतून कागदाची पुडी काढली. कालच्या पूजेचा नारळ. आगीतून वाचलेला प्रसाद म्हणून शेठच्या आईने बंबावरच्या सगळ्यांना वाटला होता. तिने एक तुकडा शालूपुढे धरला. "घे. देवाने तुला वाचवलं."

शालूने विस्तव दिसावा तसा हात मागे ओढला.

"बघा," जमादार हळूच म्हणाले, "चोराचा हात प्रसादाला थरथरतो."

भावनाला ते आवडलं नाही. पण हात मागे गेला होता, हे तिनेही पाहिलं होतं. गळ्यात तुळशीची माळ असलेली बाई प्रसाद का नाकारते? तिच्या मनातही संशयाची पाल चुकचुकली. ती उठली.

पाठीमागून घोगरा, धुराने खरवडलेला आवाज आला.

"तुमीच तर सांगितलं होतं बाई. धूर दिसला की मागच्या जिन्यानं उतर म्हणून."

भावना जागीच थबकली.

"मी उतरले की. बराबर तशीच उतरले. मंग दार का उघडंना?"

तीन

साइटवर जळकट ओला वास कोंदला होता. भावना आधी स्टोअरमध्ये गेली. पुढच्या जिन्याने वर चढताना पायरीपायरीला सेंट्रिंगच्या फळ्या पडलेल्या, त्यांचे खिळे आभाळाकडे तोंड करून. इथे अनवाणी चढणारा दुसऱ्या मजल्यापर्यंत धड पोहोचला नसता.

स्टोअरचं दार जळून कोळसा झालं होतं. लोखंडी कोयंडा मात्र शाबूत होता. तो रिकामा होता. तिने राख सळईने उकरली. खिळे निघाले, बिजागऱ्या निघाल्या, रंगाच्या डब्यांच्या कड्या निघाल्या.

"काय उरलंय त्यात!" मागून अंकित आला. स्वच्छ शर्ट, चेहरा उतरलेला, पायात कालचेच बूट, आज पॉलिश केलेले. "सगळ्या बिल्डिंगची वायर होती मॅडम. तांब्याची, भारीतली. बंडलंच्या बंडलं, खोक्यांत भरलेली. सोमवारी वायरमन काम सुरू करणार होते. राख झाली सगळी. मामाजींना तोंड कसं दाखवू?"

"तुम्ही कुठे होता आग लागली तेव्हा?"

"आरतीत. नानीजींच्या मागे, खांबापाशी. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. कुणालाही विचारा."

तिने एकेकाला विचारलं. ज्याला विचारलं तो म्हणाला, असतील बाई, आम्ही दिव्याकडं बघत होतो. घंटा, टाळ, टाळ्या. आरतीत मागे वळून कोण बघतं?

खाली कल्याण टाचेला हळद बांधून बसला होता.

"स्टोअरला लागून थिनरचे डबे ठेवू नका, असं मी बजावलं होतं. कुणी ठेवले?"

"माझ्याच रंगाऱ्यांनी. जागा न्हवती बाई. चूक झाली." मग तो तिरकस हसला. "आता म्हणा की कल्याणनंच पेटवलं. त्या पोरीला वर मीच धाडलं, असंबी म्हणा. आमी काय, कुणीबी काहीबी म्हणावं."

"ती वर कशाला गेली होती, ठाऊक आहे तुला?"

"बायकांचं बायकांना ठाऊक. साळूबाई सांगती का? न्हाई सांगत. मंग संशय कुणावर घ्यावा माणसानं?"

रखवालदार भुजंग आपल्या पत्र्याच्या खोलीबाहेर उभा होता. एका पायात निळी स्लीपर, दुसऱ्यात तपकिरी चप्पल. हॉलच्या दाराशी, लिफ्टच्या खड्ड्यालगत लोकांनी चपलांचा ढीग केला होता. आग लागताच वरून जळता प्लाय नेमका त्यावर कोसळला. सगळ्यांचं पायताण वितळून एक काळा गोळा झाला होता. तो अजून तिथेच पडलेला. भुजंगने कुणाकुणाकडून मागून जोड जमवला होता.

भावनाने पिशवीतून मागच्या दाराचं कुलूप काढलं. कोयंडा उचकटला होता, कुलूप जसंच्या तसं बंद.

"भुजंगदादा, तुम्ही मला शब्द दिला होता."

"तुळजाभवानीची आण बाई, म्या न्हाई लावलं!" म्हाताऱ्याने कुलूप हातात घेतलं. "सकाळी कडी बगितल्ती, मोकळी होती. आन् हे कुलूप... हे त्या दाराचं न्हाईच. ह्ये तर..." त्याने ते जवळ नेलं. "ह्ये तर वरच्या स्टोअरचं हाये!"

खोलीतल्या खिळ्यावर किल्ल्यांचा जुडगा होता. त्यातली स्टोअरची किल्ली कुलपात फिरली. खटकन कुलूप उघडलं.

म्हणजे आग लागण्याआधी कुणीतरी स्टोअर उघडलं, त्याचंच कुलूप खाली आणलं आणि मागच्या दाराला घातलं.

"दुसरी किल्ली कुणाकडे असते?"

"अंकितशेठकडं. पर त्ये तर आरतीत व्हते म्हनं."

दारातून जमादारांचा आवाज आला. ते कधी येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक. "वा! बाई वर आणि गडी खाली. जोडी जमली. भुजंगराव, उद्या तुम्हीपण चला."

चार

बद्रीनारायणशेठचं घर जुन्या जालन्यात, कापडाच्या दुकानांमागच्या गल्लीत. रिक्षा आत जात नाही. भावना पायीच गेली.

शेठच्या आई, इचरजबाई, माळ फिरवत बसल्या होत्या. दिवसातून एकदाच जेवण, सूर्य मावळला की पाणीसुद्धा नाही, आणि जिभेवर खोटं येऊ द्यायचं नाही. असं व्रत त्या कित्येक वर्षं पाळत होत्या. माळ पूर्ण होईपर्यंत भावना थांबली.

"आजी, काल आरतीचं ताट तुमच्या हातात होतं. पूजेला कोण कोण होतं?"

"सगळे होते बेटा. मजूर, गवंडी, बद्री, रखवालदार."

"अंकित?"

"नारळ फोडला तेव्हा होता. आरतीत माझी पाठ त्याच्याकडे. आरती द्यायला मी वळले, अन् तोवर धूरच आला. कुणी घेतली, कुणी नाही घेतली, मला नाही सांगता येणार. न पाहिलेलं मी बोलत नाही."

"आणि बायका?"

"बायका पण सगळ्या होत्या," इचरजबाई म्हणाल्या आणि सहज पुढे जोडलं, "म्हणजे, ज्यांना चालतं त्या सगळ्या."

भावना उठता उठता परत खाली बसली.

ज्यांना चालतं त्या.

मागे ओढलेला हात. म्हातारीचा तोंडाला लावलेला पदर. बायकांचं बायकांना ठाऊक. भर दुपारी, अमावास्येला, आपली सावलीही देवावर पडू नये म्हणून मागच्या जिन्याने वर जाऊन बसलेली एक पोर. चार पुरुष विचारतायत, वर का गेली होतीस? आणि जमादार खुर्ची टाकून बसलेले. काय सांगणार होती ती?

दिवे लागायच्या आत भावना पुन्हा दवाखान्यात पोहोचली. जमादार नव्हते. तिने खाटेचा पडदा ओढून घेतला, साळूबाईला आत घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं, "अडचण होती ना?"

शालूच्या बंद डोळ्यांतून पाणी ओघळलं. साळूबाई बांध फुटल्यासारखी बोलली, "म्याच म्हणलं तिला, वर जाऊन बस म्हणून. त्या दाढीवाल्या जमादारापुढं तोंड कसं उघडावं वो? माझ्याच तोंडानं पोरीला आगीत धाडलं म्या!"

"शालू, तू वर गेलीस तेव्हा मागचं दार उघडं होतं?"

"व्हय. कडी काढूनच गेल्ते. वरच्या टप्प्यावर बसले. मंग थोड्या वेळानं खालच्या मजल्यावरून कुणीतरी मागच्या जिन्यानं उतरलं. म्या गप बसले, गडीमाणूस असंल म्हणून. दार लागलं. कडी वाजली."

"कोण ते दिसलं?"

"न्हाई दिसलं. पर पायात बूट व्हते. जड. खाड खाड वाजत गेले."

भावनाच्या डोळ्यांपुढे कालची खडी उभी राहिली. एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचणारी ती सगळी माणसं.

सगळी?

पाच

सकाळी तिने सगळ्यांना लिंबाखाली बोलावलं. जमादार भुजंगचा दंड धरून उभे होते. बद्रीनारायणशेठ गाडीतून उतरले. इचरजबाईही आल्या आणि खुर्ची नाकारून उभ्याच राहिल्या.

"मला फार बोलायचं नाही," भावना म्हणाली. "काल मी राख उकरली. खिळे मिळाले, बिजागऱ्या मिळाल्या. तांबं नाही मिळालं. वायरचं वरचं प्लास्टिक जळतं शेठजी, तांबं जळत नाही. काळं पडेल, वाकेल, फार तर वितळून गोळा होईल. पण राहतं. एवढ्या बंडलांचं तांबं ढिगाने सापडायला हवं होतं. मूठभरही नाही. म्हणजे आग लागली तेव्हा त्या खोक्यांत वायर नव्हतीच. ती आधीच गेली होती. सोमवारी वायरमन येणार, खोकी उघडणार. त्याआधी खोकी जळायला हवी होती."

"मग हा म्हातारा!" जमादारांनी भुजंगला हिसका दिला. "किल्ली याच्याकडे."

"किल्ल्या दोन आहेत. ज्याने स्टोअरचं कुलूप मागच्या दाराला घातलं, तो बूट घालून जिना उतरला. शालूने ऐकलं. मागचं दार बाहेरून बंद झालेलं, म्हणून आग लावायला तो पुढच्या जिन्याने परत चढला, तेही बूट घातल्याशिवाय नाही. पायऱ्यांवरचे खिळे बघा. आता परवाचं आठवा. मी बंब घेऊन आले तेव्हा भुजंगदादा अनवाणी. कल्याणच्या टाचेत खिळा. शेठजी, तुम्हीसुद्धा अनवाणी होता."

"हो," शेठ हळूच म्हणाले. "माझे जोडे जळाले त्यात."

"सगळ्यांचेच जळाले. लिफ्टच्या खड्ड्यापाशी तो गोळा पडलाय. वरून जळता प्लाय पडला, पळताना कुणाला एक चप्पल घेता आली नाही. आणि एका माणसाच्या पायात मात्र बूट होते. नाड्या बांधलेले. त्याच बुटांनी खडी तुडवत तो माझ्या बंबापुढे धावला."

कुणी त्याचं नाव घेतलं नाही. सगळ्यांच्या नजरा खाली गेल्या आणि अंकितच्या पायांवर थांबल्या.

"मी... मी आरतीत बूट घालूनच उभा होतो!" अंकित म्हणाला.

"माझ्या आरतीत?" इचरजबाईंनी विचारलं. आवाज चढला नव्हता. "माझ्या पाठीमागे, बूट घालून? खा माझी शपथ."

शपथ न घेताच अंकित एक पाऊल मागे सरला.

बद्रीनारायणशेठ मटकन खुर्चीवर बसले. "अरे, वायर विकलीस ते विकलीस. पण मागचं दार? ते कशाला लावलंस रे?"

"कुणी मागून वर येऊ नये म्हणून!" अंकितचा आवाज फाटला. "माझ्या मनात कुणाला मारायचं नव्हतं मामाजी! म्हणून तर अमावास्या धरली. पूजेला सगळे असतात ना! एकूण एक माणूस खाली असतो. वर कुणी असायलाच नको होतं! ती वर कशी होती? ती का नव्हती पूजेला?"

कल्याणनेही तोच प्रश्न विचारला होता. जमादारांनीही. या वेळी मात्र तो लिंबाखालच्या सगळ्या बायकांनी एकदम ऐकला. एकीने दुसरीकडे पाहिलं.

इचरजबाई पुढे झाल्या. नातवाच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सगळे नसतात रे," त्या म्हणाल्या. "या घरात साठ वर्षं झाली मला. कितीक पूजांना तुझी आई नव्हती, मामी नव्हती, मी नव्हते. भिंतीपलीकडे बसलेलो होतो. तुला कधी दिसलंच नाही."

जमादार सोमेश्वरांनी भुजंगचा दंड सोडला. त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. काडेपेटी त्यांनी खिशातून काढली, क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि साळूबाईच्या हातात दिली.

"मिसरीची आहे ना," ते पुटपुटले. "ठेवा."

त्याच दुपारी इचरजबाई दवाखान्याच्या पायऱ्या चढून वर आल्या. भावना त्यांच्या कोपराला धरून होती. त्यांनी पदराच्या गाठीतून नारळाचा तुकडा काढला.

शालूने पट्ट्या बांधलेले हात पांघरुणाखाली घेतले. "नको आजी. अजून न्हाई चालत मला."

"तुला देवाने धुरातून काढलं तेव्हा त्याने विचारलं का गं, चालतं की नाही?" इचरजबाईंनी तुकडा तिच्या ओठांशी नेला. "माझी व्रतं माझ्यापाशी. तू खा."

शालूने एकदा सासूकडे पाहिलं, मग तोंड उघडलं. बराच वेळ ती सावकाश चावत राहिली.

"बाई," मग तिने भावनाला विचारलं, "त्या दाराचं काय केलं?"

"कोयंडाच कापून टाकला. आता कुलूप अडकवायला जागाच नाही त्याला."

शालूने पाठ उशीला टेकली.

"मंग ठीक," ती म्हणाली. "मंग पुढच्या वेळी उतरीन मागूनच."